पोपड्याची दुसरी बाजू

बॉनेटवरचा रंग ओल्या फडक्याबरोबर निघून आला, तेव्हा गुलाब पेंटरनं आधी मागं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पंचफुला चहाच्या नादात होती. मग त्यानं गेटबाहेर पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. ही सगळी चोराची लक्षणं झाली, हे त्याला त्याच क्षणी कळलं. चाळीस वर्षं गाड्या रंगवलेल्या माणसानं स्वतःच्या पोरीच्या गाडीसमोर असं उभं राहावं याची लाजही वाटली, पण तोवर अंगठा आपलं काम करून बसला होता. जिथला रंग गेला ती जागा त्यानं अंगठ्याखाली गच्च दाबून धरली होती, जखमेवर धरतात तशी. पोपडा फडक्याला चिकटलेला. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, पांढराशुभ्र, कडेनं किंचित वाकलेला. त्यानं तो नखानं सोडवला, चष्म्याच्या डबीत टाकला, डबी खिशात घातली आणि गाडीवर कव्हर ओढलं. "गाडी धुतली का हो?" आतून पंचफुलानं विचारलं. "धुतली," तो म्हणाला. अर्धी गाडी कोरडीच होती.

गाडी आठ महिन्यांची. मयुरीची. मयुरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, कृषी सहायक, गिरडकडची चार गावं तिच्याकडे. सिंदी मेघेहून रोज स्कूटीवर इतक्या लांब जाऊन जाऊन तिची पाठ धरायची, म्हणून तिनं ही घेतली. पांढरीच घ्यायची, असं तिचं आधीपासून ठरलेलं. गाडी आली त्या संध्याकाळी विहारात वंदना झाली, भंतेजींनी आरशाला सूत बांधून दिलं, गल्लीत बर्फी वाटली गेली, आणि सगळे गाडीत बसून आनंदानं आरडाओरडा करत असताना गुलाब बाहेर उभा राहून बॉनेटवरून बोटं फिरवत होता. पेंटरची खोड ती. माणूस लग्नाच्या मांडवात गेला तरी आधी खांबाचा रंग पाहील. बोटांना डाव्या दिव्याच्या वर बारीक दाणे लागले. दिसत नव्हते, लागत होते. रंग सुकताना असे दाणे धरतो आणि त्याची संत्र्याच्या सालीसारखी कातडी होते. वर्कशॉपात त्याला नुसतं 'संत्रा' म्हणायचे, आणि ज्याच्या हातून संत्रा निघाला त्याला दिवसभर चिडवायचे. कारखान्यातून नव्या निघालेल्या गाडीला संत्रा! रात्रभर ते दाणे त्याच्या बोटांत राहिले. दुसऱ्या दिवशी मयुरी स्कूटीनंच ऑफिसला गेली, गाडीवर अजून हात बसला नव्हता; पंचफुला बचतगटाच्या बैठकीला गेली, आणि गुलाबनं माळ्यावरचा आपला जुना डबा काढला. पाणी लावून घासायचा बाराशे नंबरचा पाणकागद, मग रबिंगची पेस्ट, मग मऊ फडकं. अर्धा तास. किती वर्षांनी हात गोल फिरत होता, खांद्यातून मनगटात, मनगटातून बोटांत ते जुनं कसब वाहत होतं, आणि शेवटी बॉनेटच्या त्या कोपऱ्यात आभाळ असं स्वच्छ उतरलं की त्याला एकट्यालाच हसू आलं. कुणाला सांगितलं नाही. पोरगी म्हणाली असती, बाबा, नव्या गाडीले कोणी घासते का? आणि खरंच कोणी घासत नाही. एखादा पेंटर बापच घासतो. रंग निघाला तो नेमका त्या कोपऱ्यातून.

सुट्टीचे दोन दिवस कव्हर पुरलं. तिसऱ्या दिवशी मयुरीनं स्वतःच पाहिलं, तोवर नाण्याएवढ्या जागेची पोळीएवढी झाली होती आणि डाव्या दरवाजाच्या कडेला फुगे धरले होते. ती गुलाबला घेऊनच नागपूर रोडच्या सर्व्हिस सेंटरला गेली. "तुमी सोबत राहा, तुमाले त्याच्यातलं कळते," असं म्हणाली, आणि गुलाब खिशातली डबी चाचपत गाडीत बसला. काउंटरवर स्वप्निल नावाचा माणूस होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मोबाईलवर चार फोटो काढले आणि सराईतपणे विचारलं, "मॅडम, बाहेर कुठं काही काम केलं का? पॉलिश, रबिंग, असं?" हा प्रश्न फॉर्मवर छापलेलाच असतो, पण मयुरीला तो झोंबला. "माया गाडीले बाहेरच्या कोणाचा हात लागला नाई," ती म्हणाली. "हे माये बाबा. चाळीस वर्षं पेंटर होते. ते लावू देतीन का कोणाले हात? इचारा त्याईले." स्वप्निलनं गुलाबकडे पाहिलं. गुलाबनं मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण स्वप्निलनं फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि मयुरीनं खाली सही केली. पेंटची तक्रार कंपनीकडं जाईल, म्हणाला, तिथून पेंटवाल्या मॅडम येतील, तपासतील, बाहेरचं काम निघालं तर वॉरंटी बाद. दहा-बारा दिवस लागतील. मयुरीची सही निळ्या शाईची, ठसठशीत, खाली दोन टिंबं. शाळेत असल्यापासून ती तशीच सही करते. परत येताना ती स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होती, आणि गुलाब त्या दोन टिंबांचा विचार करत होता. खोटं त्याचं होतं, सही तिची होती.

आता खरं तर त्यानं त्याच संध्याकाळी सांगून टाकायला हवं होतं. घरातलीच गोष्ट. पोरगी चिडली असती, एक वेळ जेवली नसती, आणि संपलं असतं. पण गुलाबची जीभ रंगाच्या बाबतीत एकदा अडकली की अडकतेच, आणि ती अशी का अडकते हे पंचफुलालासुद्धा ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तो बस-बॉडी बांधण्याच्या वर्कशॉपात गनवाला होता. गन म्हणजे रंग उडवायची पिचकारी, आणि गनवाला म्हणजे वर्कशॉपातला राजा. बाकीचे घासणार, पुट्टी भरणार, आणि शेवटी हा येऊन रंग मारणार. एका खाजगी मालकाची नवी बस होती, लाल, मधून पिवळा पट्टा. गुलाबनं सकाळी पत्र्यावर अस्तर मारलं, ते तपकिरी, लोखंडाला धरून राहणारं. ते चार तास वाळायला पाहिजे. तासाभरात शेजारचा माणूस सायकलवर धापा टाकत आला, पंचफुलाला दवाखान्यात नेलंय म्हणाला. वर्कशॉपाचे शेट म्हणाले, लाल मारून जा, उद्या गाडी द्यायची आहे. अस्तर ओलं होतं. बोट लावलं तर ठसा उठत होता. गुलाबनं तो ठसा पाहिला, आणि लाल मारला, आणि हातसुद्धा न धुता पळत सुटला. संध्याकाळी मयुरी झाली. चार महिन्यांनी बसचा ड्रायव्हर रूपराव आला. चांगला माणूस, भांडायला आला नव्हता. डब्याच्या झाकणात तळहाताएवढा लाल पोपडा घेऊन आला होता. "गुलाब, हे पाय गा तुयं," एवढंच म्हणाला. गुलाबनं तो लाल तुकडा पाहिला न पाहिला, पालथा करून टेबलावर ठेवला, आणि शेटसमोर खाली मान घालून उभा राहिला. घाई केली का, असं शेटनं विचारलं. केली, म्हणाला. शेटनं आरडाओरडा केला नाही. गन दुसऱ्याच्या हातात दिली आणि गुलाबला वर्षभर घासाईला बसवलं. पाण्यात हात, हातात कागद, दिवसभर गोल गोल, नखं झिजून गेली. संध्याकाळी घरी यावं तर चार-सहा महिन्यांची मयुरी पाळण्यातून हात पुढं करायची, आणि तो ते झिजलेले हात पाठीमागं धरून तिच्याकडे पाहत राहायचा. वर्षानं गन परत मिळाली. त्यानंतर त्याच्या हातून कधी एक पोपडा निघाला नाही. पण मयुरीच्या दर वाढदिवसाला, केक कापताना, टाळ्या वाजवताना, त्याच्या बोटाला तो ओला ठसा लागायचाच. मुलगी झाल्याचा आनंद आणि ती लाज एकाच दिवसाची. एकीला हात लावावा तर दुसरी सोबत यायची. म्हणून मग तो त्या दिवसाकडे फारसं पाहायचाच नाही. पंचफुला कधी आठवण काढू लागली की तो उठून गेटची कडी पाहायला जायचा.

बाराव्या दिवशी फोन आला. कंपनीच्या मॅडम आल्या होत्या, नंदिनी नावाच्या, पुण्याकडच्या, पन्नाशीच्या, पायात साधे बूट, खांद्याला लहानशी पेटी. त्यांनी पेटी उघडली आणि गुलाबला बरं वाटलं, कारण त्यात हत्यारं नीट पुसून, ज्याच्या त्याच्या जागी ठेवलेली होती. अशा माणसासमोर खोटं बोलणं जड जातं. मॅडमनी एक चपटं मीटर काढलं, म्हणाल्या, "हे रंगाची जाडी सांगतं. कुठे कमी, कुठे जास्त." गुलाबच्या कानात घण पडला. जाडी! म्हणजे त्यानं जिथं घासलं तिथं मीटर थेट बोट दाखवणार, आणि मयुरी, दोन टिंबांची सही करणारी मयुरी, या चारचौघांत खोटी ठरणार. ती बाजूला हाताची घडी घालून उभी होती, अगदी खात्रीनं. मीटर अजून छताच्या कोपऱ्यावर होतं, बॉनेटपर्यंत आलं नव्हतं. गुलाबला वाटलं, आता नाही बोललो तर पुढं काही बोलायला तोंडच राहणार नाही.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाला, "मॅडम, मी घासलं."

स्वप्निलनं मान वर केली. मयुरी म्हणाली, "काय?"

"पोरीले माईत नाई. तिनं खरं समजून सही केली. तिच्यावर काई लावू नका. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, हे इथं, डाव्या दिव्याच्या वर. संत्रा होता जी. म्हणजे दाणे होते. मले राहावलं नाई. बाराशेचा कागद मारला, पेस्ट मारली." आणि एवढं बोलल्यावर त्यानं खिशातून चष्म्याची डबी काढली, पोपडा काढला, आणि बॉनेटवर ठेवला, सत्तावीस वर्षांपूर्वी ठेवला होता तसाच, पालथा.

मयुरीनं हाताची घडी सोडली आणि हात खाली टाकले. ते आरडाओरड्यापेक्षा वाईट होतं. मॅडम मात्र गुलाबकडे नाही, पोपड्याकडे पाहत होत्या. त्यांनी तो चिमट्यानं उचलला, उजेडात धरला. मग त्या कामाला लागल्या. घासलेल्या जागी मीटर टेकवलं, आकडा पाहिला, शेजारी टेकवलं, पुन्हा पाहिला. बॉनेट उघडून आतल्या बाजूला, जिथं गुलाबचा हात कधी पोचला नव्हता, तिथं पात्यानं बारीक चौकटी कापल्या, वर पारदर्शक टेप दाबली आणि झटक्यात ओढली. सगळ्या चौकटी टेपबरोबर निघून आल्या, एकही मागं राहिली नाही. तेच दरवाजाच्या आतल्या कडेला केलं. तिथंही तेच. खाली पत्रा चकचकीत, नवा, आरशासारखा. "काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घासलंत तिथे रंग थोडासा पातळ झालाय. इतका थोडा, की मला आधी आकडा चुकला वाटलं. हात हलका आहे तुमचा. पण घासल्यानं रंग पातळ होतो, सुटत नाही. आणि हा सुटलाय तो मुळापासून. या पोपड्याच्या मागे पाहा, अस्तर सगळं रंगाबरोबर आलंय, पत्र्यावर काहीच नाही. अस्तर कच्चं राहिलं असतं, घाई झाली असती, तर ते पत्र्यावर मऊ राहिलं असतं, वरचा रंग सुरकुतला असता. इथे पत्राच नीट धुतला नव्हता, तेलाचा हात होता त्यावर. त्याला रंगवणारा काय करणार? आमच्याकडची चूक आहे." स्वप्निलला त्या म्हणाल्या, फॉर्मवर काकांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहा आणि खाली माझा शेरा घ्या, बॉनेट आणि डावा दरवाजा कंपनी नवा रंगवून देईल. गुलाब भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. पाण्याचा ग्लास कुणी दिला ते कळलं नाही. पाणी थंड होतं, गोड होतं, घशातून खाली उतरताना त्याचा सगळा रस्ता कळत होता.

रंगासाठी गाडी दोन दिवसांनी आणून सोडायची होती. बाहेर आल्यावर मयुरी घराकडे न वळता पवनारच्या बाजूनं निघाली. धाम नदीच्या पुलाअलीकडे तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "बाबा, मले सांगाले काय झालतं तुमाले?" ती म्हणाली. आवाजात राग होता आणि रागाखाली रडू होतं. "मी तिथं मोठ्या तोंडानं बोलून राह्यली, माये बाबा असे, माये बाबा तसे... आन तुमी मुंडी हालवून राह्यले! मी का खाऊन टाकलं असतं तुमाले?" गुलाब म्हणाला, "चुकलं माय." ती म्हणाली, "घासल्याचं नाई म्हणत मी. घासा, पायजे तितकं घासा. लपवलं काऊन?" आणि या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं, ते सत्तावीस वर्षं जुनं होतं. म्हणून त्यानं तेच दिलं. बस, लाल रंग, ओलं अस्तर, बोटाचा ठसा, सायकलवाला, रूपरावचं झाकण, वर्षभराची घासाई. नदीत पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते, दोन बाया त्यावर कपडे वाळत घालत होत्या. सांगता सांगता तो रूपरावच्या पोपड्यापाशी आला. "मले त्याच्याकडं पायवलं नाई," तो म्हणाला. "पालथा करून ठेवला टेबलावर. वरतं तपकिरी..." आणि थांबला.

वर तपकिरी. तो तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा होता. इतकी वर्षं तो त्याला दिसत आला होता, आणि दर वेळी पालथाच दिसत आला होता, लाल बाजू खाली, तपकिरी बाजू वर. सपाट, गुळगुळीत, कोरडं तपकिरी. म्हणजे अस्तर. सगळंच्या सगळं अस्तर रंगाबरोबर निघून आलेलं. सुरकुती नाही, मऊपणा नाही. त्यानं घाई केली होती हे खरं, अस्तर ओलं होतं हेही खरं. पण रंग त्या घाईनं सुटला नव्हता. पत्रा धुण्याचं काम त्याचं नव्हतं. कुणाचं होतं तेही आता आठवेना, आणि आठवून करायचं काय? दुसऱ्या कुणाचा पोपडा असता तर गुलाब पेंटरनं एका नजरेत सांगितलं असतं. नव्या पोरांना त्यानंच शिकवलं होतं, पोपडा निघाला तर आधी मागची बाजू पाहा. स्वतःचा मात्र तो लाजेनं पालथा घालून बसला, आणि समोर लिहिलेलं सत्तावीस वर्षं वाचलं नाही. त्याच्या छातीतून काहीतरी इतकं सहज निघून गेलं, की त्यानं हात लावून पाहिला. मग तो हसला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मयुरी घाबरून म्हणाली, "बाबा? काय झालं?"

"तुया जन्मानं काईच बिघडलं नोतं माय," तो म्हणाला.

तिला नीट कळलं नसावं. पण तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला, आणि जरा वेळानं दुसऱ्या हातानं गाडी चालू केली.

घरी पोचले तर पंचफुला दारातच उभी, ताटात ज्वारी निवडत. "काय म्हणते तुमची मॅडम?" तिनं विचारलं. मयुरीनं सगळं सांगितलं, बापाचं घासणं, बापाचं कबूल करणं, कंपनीची चूक, आणि आई दुखावेल की काय असं वाटून थोडं अडखळत ती बसची गोष्टही सांगितली. पंचफुलानं ताट खाली ठेवलं. गुलाबला वाटलं, आता ही रागावणार, इतकी वर्षं मले काऊन नाई सांगतलं म्हणून. पण ती भलतंच बोलली. "तवाच मी म्हणो, हा माणूस हात काऊन लपवते! अन् लाल रंग सुटला म्हणे. कोणता, तोच का, जो पोरीले लागलता?" आणि मयुरीकडे वळून हातवारे करत सांगू लागली, "हे धावत आले दवाखान्यात, हात बी धुतले नोते. नर्सबाई वरडून राह्यली, हात धुवा, हात धुवा. आयकते का? घेतलं लेकराले. तुया टाचीले हा एवढा लाल डाग. खोबऱ्याचं तेल लावलं, गरम पाणी लावलं. आठ दिवस निघाला नाई तो रंग. विहारात तुयं नाव ठेवलं, तवाबी होता थोडासा. सारे इचारत, पोरीले कुकू पायाले काऊन लावलं?"

गुलाब गेटच्या कडीकडे गेला नाही. तो पायरीवर बसला.

मयुरीनं चप्पल काढली आणि एका पायावर तोल सांभाळत टाच वर करून पाहू लागली, जसं काही अजून थोडं राहिलंच असेल. "कोणती गा आई? ही का ती?"

पंचफुला आठवू लागली. तिला आठवेना.

"डावी," गुलाब म्हणाला.